कांद्याला वास नव्हता

मुलगा गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून सुनेला गेला. ती एकटी घाटावर गेली, तिथून सरळ घरी आली, आणि मी आतून कडी लावून घेतली.

दुपारचे दोन वाजले असतील. एप्रिलमधलं नागपूरचं ऊन. त्या वेळी गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण त्या दिवशी समोरच्या तिन्ही खिडक्यांत डोकी होती. सून पायरीखाली उभी होती. तोंडावर दोन मास्क, डोक्यावर ओढणी, चपलेला राख लागलेली.

"आई, दार उघडा."

"जा इथून."

"आत्ता त्यांना अग्नी देऊन आले मी. पोरीला एकदा पाहू द्या, मग जाते."

"तूच आणलं हे घरात," मी दाराच्या आतून म्हटलं. "तूच खाल्लं माह्या पोराले. आता पोरीलेही खाशील काय?"

नात सात वर्षांची होती. आईचा आवाज ऐकून ती दाराकडे ओढ घेत होती आणि मी तिचं मनगट धरून ठेवलं होतं. माझ्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत तिच्या हातावर होते.

सून तापलेल्या पायरीवर थोडा वेळ बसली. मग उठून दाराला तोंड लावून म्हणाली, "तिची शाळा दहाला असते. मोबाईल आधीच चार्जिंगला लावत जा. मधेच बंद पडला की ती रडते." एवढं सांगून तिनं स्कूटी काढली आणि मनीषनगरला आपल्या आईकडे गेली.

ती माझ्याशी भांडली नाही. मला वाटलं, गुन्हा कबूल आहे म्हणून गप्प आहे. ते खरंच होतं. तीही तसंच समजत होती.

मी नवऱ्याला काविळीनं मरताना पाहिलं आहे. ज्या मिलमध्ये माझी अर्धी जिंदगी गेली तिच्या फाटकाला कुलूप लागलेलं पाहिलं आहे. ते माझ्यावर आलेलं होतं. पण ही कडी मी माझ्या हातानं लावली. म्हणून सुरुवात तिच्यापासून केली. आता त्याच्या आधीचं सांगते.

आमचं घर चार माणसांचं. मी, मुलगा, सून आणि नात. मी चौथी शिकले आणि मिलमध्ये रीळ खात्यात लागले. मुलगा कूलर आणि पंखे दुरुस्त करायचा. सून शिकलेली. ती ज्या लॅबमध्ये होती तिथे करोनाचे स्वॅब तपासायचे. नाकातला कापूस एका छोट्या नळीत येतो, नळीवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. रोज ढिगानं नळ्या यायच्या. सून सकाळी आठला जायची आणि यायला रात्र व्हायची. आल्यावर अंगणातल्या मोरीत आंघोळ करायची, कपडे गरम पाण्यात टाकायची, मगच घरात पाय ठेवायची. तरी गल्लीतले लोक तिला लॅबवाली म्हणायचे आणि ती दिसली की मुलांना आत घ्यायचे. तिला लस पहिल्या खेपेतच मिळाली होती. आम्हाला अजून नव्हती.

दुसरी लाट चढत होती तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा गेला. किडनीनं गेला, करोनानं नाही. बहीण इंदोऱ्याकडे राहायची, भाजीची गाडी लावायची. आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदन करतात. सगळे पांढरे कपडे घालून जमतात, वंदना म्हणतात, गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात, जेवतात. तेव्हा माणसं जमवायला बंदी होती. बहिणीनं सगळ्यांना निरोप पाठवला की एकेकटे या, मागच्या दारानं या.

मुलगा मला म्हणाला होता, "आई, जाऊ नको. फोनवर बोल तिच्याशी."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो धरमपेठेत एका बंगल्याच्या गच्चीवरचा कूलर सुरू करून द्यायला गेला आणि सून लॅबमध्ये होती. मी नातीला शेजारणीकडे बसवलं, पांढरं लुगडं पिशवीत घातलं आणि ऑटोनं गेले. लुगडं बहिणीच्या घरी नेसले. तीन तासांत परत आले. शेजारणीला सांगितलं, डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते.

बहिणीच्या त्या एका खोलीत चाळीसेक माणसं होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार बंद, खिडक्या बंद. गुडघ्याला गुडघा लावून बसलेलो. वंदना म्हणताना मास्क तोंडावर राहत नाही. खीर खाताना तर नाहीच नाही. बहीण खोकत होती. मी विचारलं तर म्हणाली, अगरबत्तीचा धूर लागला.

निघताना तिनं मला मागच्या दारात धरलं.

"ताई, कोणी इचारलं तं तू आलीच नाहीस."

"मले कोण इचारते?"

"इचारतात वं. घरोघरी फिरून राहिले. मागच्या खेपी गल्लीच्या तोंडावर पत्रे ठोकले होते. गाडी काढता नाही आली, भाजी घरातच सडली. पुन्हा पत्रे लागले तं लोक मले जित्ती सोडणार नाहीत. म्हणतील, इच्या नवऱ्याच्या कार्यानं झालं."

"माह्या तोंडाले कुलूप," मी म्हटलं.

मी शब्द दिला. आमच्यात त्या दिवशी आलेल्या सगळ्यांनीच एकमेकांना तो शब्द दिला होता. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. बाईचा नवरा गेला, तिला एकटं टाकायचं नाही, आणि नंतर तिला अडचणीत आणायचं नाही, एवढाच हिशोब.

तिसऱ्या दिवशी मला ताप आला. अंग फुटल्यासारखं दुखत होतं. नागपुरात त्या दिवसांत बाहेर जाऊन आलं आणि ताप आला तर माणूस एकच गोष्ट म्हणतो, ऊन लागलं. मीही तेच म्हटलं. कैरीचं पन्हं प्यायले. ऊन लागलं की आमच्याकडे कांदा ठेचून तळपायांना चोळतात. मुलानं पाट्यावर कांदा ठेचला, माझे पाय मांडीवर घेतले आणि चोळत बसला.

"काहून गेली होतीस उन्हात?" तो विचारत होता. "डोळे पळून चालले होते का तुहे?"

"चष्म्याचा नंबर वाढला वाटते."

"आता चष्मा लावून ऊन पाह्य."

तो हसत होता आणि माझ्याच्यानं हसवत नव्हतं. कांदा माझ्या पायाशी ठेचलेला पडला होता, पोराचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि मला वास येत नव्हता. मी त्याला म्हटलं, "कांदा शिळा हाय का रे? वास नाही याले." तो म्हणाला, "अख्खी गल्ली रडून राहिली असंल या वासानं, अन् तू म्हणतेस वास नाही." वास जाणं म्हणजे काय ते मी पेपरात वाचलं होतं. सुनेनंही जेवताना सांगितलं होतं. मी ते मनात येऊ दिलं नाही. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी तिकडे पाहिलं नाही.

सलग तीन दिवस त्यानं कांदा चोळला. चौथ्या दिवशी मी उठून स्वयंपाकाला लागले.

मी उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी सुनेचा लॅबमधून फोन आला. त्यांची तिथे दर आठवड्याला तपासणी व्हायची. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. तिच्याबरोबर काम करणाऱ्या आणखी दोघांचाही. तिला फारसं काही होत नव्हतं, घसा तेवढा दुखत होता. लॅबनं तिघांची वेगळी सोय केली होती. ती घरी आलीच नाही, तिकडेच राहिली.

दोन दिवसांनी मुलाला ताप चढला.

मग आम्हा तिघांचा स्वॅब झाला. शाळेत केंद्र होतं. मुलगा पॉझिटिव्ह, नात निगेटिव्ह, मी निगेटिव्ह. माझं होऊन गेलं होतं हे आज मला कळतं. तेव्हा सगळ्यांना एकच दिसलं. लॅबवाली पॉझिटिव्ह, मग नवरा पॉझिटिव्ह. म्हातारी साफ. यात विचारायचं काय राहिलं?

तरी आरोग्य खात्याची आशाताई विचारायला आली. लांब उभी राहून वहीत लिहीत होती.

"आजी, मागच्या पंधरा दिवसांत कुठं गेल्या होत्या का? लग्न, मयत, कार्यक्रम?"

"मी कुठी जातो बाई. गुडघे हायेत का माहे जागेवर?"

ती हसली आणि लिहून घेतलं. तिच्या मागे समोरची बाई आपल्या ओट्यावरून म्हणाली, "म्हातारीले कायले इचारता? घरात फॅक्टरी हाय न रोगाची, तिले इचारा." आशाताईनं मान हलवली. मीही हलवली.

त्याच दिवशी भाचीचा फोन आला. बहीण गेली. कार्यानंतर चौथ्या दिवशी तिचा स्वॅब झाला होता, रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, आणि तिनं तो कोणाला सांगितला नव्हता. आम्हालाही नाही. तिनं तिचा शब्द माझ्याही पुढे नेऊन पाळला. मुलगा आतल्या खोलीत तापानं फणफणत होता. त्याला मी मावशी गेल्याचं सांगितलं नाही. शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी त्याला श्वास पुरेना. सून तिकडे खोलीत बंद, फोनवरून एकेका हॉस्पिटलला विचारत होती. धंतोलीत दवाखान्याला दवाखाना लागून आहे, पण त्या दिवसांत आत जायला जागा नव्हती. गडचिरोलीपासूनची माणसं रस्त्यावर गाड्यांत सिलेंडर लावून बसली होती. सहाव्या फाटकावर आम्हाला बेड मिळाला. तो चालत आत गेला. पायऱ्या चढताना वळून म्हणाला, "कूलरमधलं पाणी बदलत जा, मच्छर होतात." त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. आठ दिवसांनी तो गेला. सुनेला खोलीतून सोडलं तोच दिवस.

पुढं काय झालं ते मी सुरुवातीला लिहिलं आहे.

दोन महिने नात माझ्याकडे राहिली. सून रोज फोन करायची, मी तो नातीच्या हातात द्यायची आणि बाजूला बसायची. पोरगी विचारायची, "मम्मी, तू कधी येतेस?" तिकडून ती म्हणायची, "माझ्या अंगातून सगळे जंतू गेले की येते." तिला बरं होऊन कितीतरी दिवस झाले होते. लॅबमध्ये ती रोज जात होती. ती येत नव्हती कारण तिला वाटत होतं, आपण एकाला मारलं, आता दुसऱ्याच्या जवळ जायचं नाही. आणि गल्ली म्हणत होती, बरंच झालं. मी गल्लीचं ऐकत होते. खरं म्हणजे गल्ली माझं ऐकत होती.

गर्दी ओसरली. घाटावरचा धूर कमी झाला. मग एक दिवस सकाळी नऊच्या सुमाराला सून दारात आली. नात अजून झोपली होती. मी कडी लावायला हात वर केला तर ती म्हणाली, "आत येत नाही, आई. इथूनच सांगते. ऐकून घ्या."

तिच्या हातात वहीचा एक कागद होता. ती वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती.

"आमच्या लॅबनं काही नळ्या सिक्वेन्सिंगला घेतल्या होत्या. जे गेले त्यांच्या, आणि आमच्या स्टाफच्या."

"ते काय असते?"

ती पायरीवर बसली आणि मला शिकवल्यासारखं सांगू लागली. विषाणूच्या आत तीसेक हजार अक्षरांचा मजकूर असतो. तो माणसाच्या अंगात स्वतःच्या नकला काढतो. नक्कल काढताना कधी एखादं अक्षर चुकतं. ती चूक मग त्या नकलेच्या पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. मशीन ही अक्षरं वाचतं. दोन माणसांच्या नळ्यांत त्याच चुका सापडल्या की कळतं, हे दोन्ही एकाच घराण्यातले. अशा चुका जुळवत जुळवत कोणता प्रकार कुठून कुठे पसरला ते काढतात. "समजलं का?" तिनं विचारलं. मी चौथी शिकलेली, मला काय समजणार, असं तिच्या तोंडावर होतं.

मला लगेच समजलं. मिलमध्ये कधी कधी एखादी चाती, सूत कातायची सळई, जराशी वाकलेली असायची. तिच्यावर भरलेल्या कांडीच्या सुतात ठरावीक अंतरावर जाड पेर यायचं. ते सूत रिळावर चढवताना बोटाला लागायचं. मग आमचा जॉबर, म्हणजे मुकादम, तेवढं पेर बोटांनी चाचपून थेट त्या मशीनपाशी जाऊन उभा राहायचा. बाई कितीही नाही म्हणो, तो सुतावरून आलेला असायचा.

"समजलं," मी म्हटलं. "पुढं बोल."

"लॅबमधले आम्ही तिघं पॉझिटिव्ह आलो होतो ना, आमच्या तिघांच्या नळ्या एका घराण्याच्या निघाल्या. यांची नळी त्यातली नाही. यांचा प्रकारच वेगळा आहे." तिनं कागद माझ्याकडे वळवला. त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा होत्या. "ही आमची फांदी. ही यांची. कुठे जुळतच नाहीत. मी यांना दिलेलं नाही, आई."

मी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"यांच्या फांदीवर आणखी एक नळी आहे. अगदी लागून. एका अक्षराचाही फरक नाही. नळीवर नंबर असतो, नाव पाहायची मला परवानगी नाही. मी पाहिलं. साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल."

"मंग काहून पाहिलं?"

"दोन महिने झोपले नाही म्हणून." तिनं कागदावर बोट ठेवलं. "ती नळी तुमच्या बहिणीची आहे. इंदोऱ्याच्या मावशींची. त्यांचा स्वॅब यांच्या आधीचा आहे."

आत नात कूस बदलत होती, पलंगाचा आवाज आला.

"मशीन एवढंच सांगतं," सून म्हणाली. "मधे आणखी कोणी असू शकतं. कोण कोणाच्या घरी गेलं ते मशीनला कळत नाही, ते माणसानं सांगायचं असतं. म्हणून विचारायला आले. मावशींकडे कोण गेलं होतं?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. विचार करावा लागला नाही, तोंडातूनच आलं. "तोच गेला असंल. तिचा कूलर बसवायले. तिनं फोन केला होता त्याले."

तिनं ते लगेच खरं धरलं. का धरणार नाही? तो लोकांच्या घरी जाऊनच कूलर बसवायचा. तिनं मान हलवली, कागदाची घडी घातली. तिच्या अंगावरचं ओझं उतरताना मला दिसलं. तिच्यावर काही राहिलं नाही, माझ्यावरही काही आलं नाही. जो गेला त्याला आता कोणी काही विचारणार नव्हतं. सगळं सुटलं होतं. मी एवढ्यावर थांबले असते तर आज ती माझ्या घरात राहत असती.

ती उठली. साडीची धूळ झटकली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मला सांगितलं नाही त्यांनी. मी हात जोडले होते त्यांना, कोणाच्या घरी जाऊ नका म्हणून. हो म्हणाले होते. माझ्याशी खोटं बोलले."

माझा मुलगा तिच्याशी खोटं बोलला नव्हता. धरमपेठेतल्या त्या गच्चीवरही तो बाहेरच्या जिन्यानं चढला होता. तो कोणाच्या घरात पाय ठेवत नव्हता, लोकांचे कूलर अंगणात आणवून घ्यायचा. मलाही त्यानं जाऊ नको म्हटलं होतं. मेलेल्या पोरावर मी आणखी हे घालायचं?

"थो नाही गेला," मी म्हटलं. "मी गेली होती. तिच्या नवऱ्याच्या कार्याले."

ती वळली.

"कधी?"

मी दिवस सांगितला. तिनं बोटांवर मोजलं. तिचा चेहरा बदलला, घरातल्या सुनेचा राहिला नाही, लॅबमधल्या बाईचा झाला.

"मग तुम्हाला ताप आला तो त्यानंतरचा? ते ऊन लागलेलं?"

"हो."

"वास येत होता का तुम्हाला?"

"नाही. कांद्याले वास नव्हता."

"कोणत्या कांद्याला?"

"पायाले चोळला तो."

"कोणी चोळला?"

"त्यानं."

"किती दिवस?"

"तीन."

ती परत पायरीवर बसली. गल्लीत पाण्याची वेळ झाली होती, समोरची बाई नळाखाली पाण्याचा गुंड लावून आमच्याकडे पाहत होती.

"तुम्ही मला या दारातून म्हणालात, तूच खाल्लं," सून म्हणाली.

"म्हटलं होतं."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत करून घ्यायचं नव्हतं."

"तुम्हाला ताप आला तेव्हाच मला खरं सांगितलं असतं तर तुमची तपासणी लगेच झाली असती. मी त्यांना पहिल्या दिवसापासून बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावून बसवलं असतं. श्वास जायची वाट पाहिली नसती." तिचा आवाज चढला नव्हता. "वाचलेच असते असं मी म्हणत नाही. म्हणता येत नाही. पण ते चार दिवस हातात होते."

मी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले. ती आत आली, पण माझ्यासाठी नाही. नातीला उठवलं, तिचे कपडे, पुस्तकं, मोबाईलचा चार्जर पिशवीत भरला. पोरगी अर्धवट झोपेत तिच्या गळ्यात पडली आणि सोडेना. निघताना पोरीनं मला विचारलं, "आजी, कूलरमध्ये पाणी कोण भरंल?" ते तिचं काम होतं, मगानं भरायची. मी म्हटलं, "मी भरतो." त्यानंतर मी कूलर लावलाच नाही.

स्कूटी गेली आणि मी तशीच नळावर गेले. समोरच्या बाईचा नवराही त्याच दिवसांत गेला होता आणि ती माझ्या सुनेच्या नावानं रोज बोटं मोडायची.

"ऐक वं," मी म्हटलं. "माह्या पोराले सुनेनं दिलं नाही. मी दिलं. बहिणीच्या इथून आणलं."

"कोणी सांगितलं तुले?"

"लॅबमध्ये निघालं. नळ्या जुळल्या."

"तिच्याच लॅबमध्ये निघालं, नाही का? मंग तं निघणारच."

"मी गेली होती तिथं. मले लॅबनं सांगावं लागते का, मी कुठी गेली होती ते?"

तिनं गुंड नळाखालून काढला नाही. पाणी वरून वाहत होतं. "अन् माह्या मालकाले कोणी दिलं?"

"ते मले माहीत नाही. त्याची नळी कोणी वाचली नाही."

सगळ्या नळ्या वाचत नाहीत, थोड्याच वाचतात. तिच्या नवऱ्याला कोणाकडून आलं ते आता कधी कळणार नाही. माझा ताप उतरल्यावर तो माझ्या ओट्यावर पेपर मागायला आला होता, एवढं मला आठवतं. तेही मी तिला सांगितलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मंग इतके दिवस मी तिले शिव्या दिल्या. आता कोणाले देऊ, तुले?"

"मले दे."

तिनं दिल्या. नळावरच दिल्या, सगळ्यांसमोर, माझ्या आईपासून सुरुवात करून. मी माझा गुंड भरला आणि घरी आले. पुढं वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. आता बोलते, कामापुरतं.

भाचीलाही मी जाऊन सांगितलं की तुझ्या आईचा शब्द मी मोडला. ती म्हणाली, मावशी, आता कोणाचे पत्रे लागणार आहेत? त्या खोलीतले आणखी कोण कोण आजारी पडले ते मी विचारलं, तर ती चहा ठेवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी चहा न पिता निघाले.

सून अजून त्याच लॅबमध्ये आहे. नवीन काही प्रकार आला की पेपरात येतं आणि मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. आधी नुसते मथळे वाचायची. रविवारी ती नातीला माझ्या दारात सोडते आणि संध्याकाळी घ्यायला येते. आत येत नाही. मी ये म्हणत नाही. एकदा पायरीवर उभी राहून तिनं विचारलं होतं, आता वास येतो का. मी सांगितलं, अर्धा येतो. जळलेलं कळत नाही, दूध उतू जातं. तिनं मान हलवली आणि गाडी सुरू केली.

बहीण गेली. समोरचा गेला. माझा मुलगा एकोणचाळीस वर्षांचा होता, तो गेला. सून वाचली, नात वाचली, आणि मी वाचले.